कंपनीतून सर्व्हिस होऊन आलेलं घड्याळ बिघडलं? आधी झाकण उघडू नका



परवाच्या व्हिडिओत आपण दुरुस्तीच्या धंद्यात परत येणाऱ्या तक्रारींवर बोललो. त्यात चावीच्या आणि ऑटोमॅटिक घड्याळांचं उदाहरण मी दोन मिनिटांत उरकलं होतं. पण क्लासमधल्या बऱ्याच जणांनी नेमका तोच प्रश्न धरून ठेवला. गिऱ्हाईक कंपनीकडून सर्व्हिस करून आणलेलं घड्याळ काउंटरवर ठेवतं आणि म्हणतं, "सर्व्हिसच्या आधी बरं चालत होतं, पैसे भरले आणि बिघडलं." अशा वेळी आपण काय करायचं?

माझं मत आधीच सांगून टाकतो. सर्व्हिसची गॅरंटी चालू असेल, तर त्या घड्याळाचं झाकण आपण उघडायचं नाही. घड्याळ मोजायचं, फोटो काढायचे, कागदावर लिहून द्यायचं आणि या तपासणीचे रीतसर पैसे घ्यायचे. "समोर आलेलं काम सोडायचं, हा कसला धंदा?" असं तुमच्यातले काही जण म्हणतील. त्याचंही उत्तर खाली दिलंय. पूर्ण वाचा आणि मग ठरवा.

गावात कुठं आलीत असली घड्याळं?

येतात. आमचं ईट भूम तालुक्यातलं गाव. इथं हातात घड्याळ असलं तर ते बहुतेक सेलचं. मोबाईल आल्यापासून तर वेळ बघायला घड्याळ लागतंच असं नाही. म्हणूनच आज जो माणूस मशीनचं घड्याळ वापरतो, तो जीव लावून वापरतो. निवृत्त गुरुजींचं एचएमटी असतं. पुण्यात नोकरीला लागलेल्या पोरानं वडिलांना घेतलेलं ऑटोमॅटिक असतं. नवरदेवाला सासरकडून आलेलं घड्याळ असतं. संख्या कमी, पण प्रत्येक घड्याळामागं पैसा आणि माया दोन्ही.

यांची सर्व्हिस गावात होत नाही. घड्याळ पुणे, सोलापूर नाहीतर छत्रपती संभाजीनगरला जातं. कधी कुरिअरनं, कधी कोणाच्या तरी हाती. तीन-चार आठवडे, कधी त्याहून जास्त दिवस माणूस मोकळ्या मनगटानं फिरतो. बिल मोठं असतं. त्यामुळे घड्याळ परत आलं की ते नव्यासारखं चाललं पाहिजे ही अपेक्षा असते, आणि ती चुकीचीही नाही. चार दिवसांत काही बिघडलं की मग सगळा राग गावातल्या जवळच्या दुकानावर निघतो. म्हणजे तुमच्या-माझ्यावर.

सर्व्हिसनंतरच बिघाड का दिसतात?

हे समजून घेतल्याशिवाय गिऱ्हाइकाशी बोलूच नका. साध्या मशीनच्या घड्याळातही शंभराच्या आसपास बारीक भाग असतात. पूर्ण सर्व्हिस म्हणजे ते सगळे सुटे करायचे, धुवायचे, झिजलेले बदलायचे, ठराविक जागी ठराविक तेल द्यायचं, परत जोडायचं, चाल लावायची, रबरी रिंगा बदलायच्या आणि पाण्याची टेस्ट घ्यायची. एवढ्या कामात चूक व्हायला जागा भरपूर. पण प्रत्येक तक्रार म्हणजे कंपनीची चूक, असंही नाही. नेहमी येणाऱ्या तक्रारी बघा.

पहिली तक्रार: घड्याळ दिवसाला काही मिनिटं पुढं पळतंय. इथं पहिला संशय चुंबकाचा घ्या. बॅलन्सची हेअरस्प्रिंग म्हणजे केसाइतकी बारीक गुंडाळी. तिला चुंबक लागलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि घड्याळ पळायला लागतं. चुंबक कुठून लागतं? स्पीकर, मोबाईलचं चुंबकाचं कव्हर, पर्सचं बटण, इअरबड्सची डबी. सर्व्हिस सेंटरमधून निघताना ठीक असलेलं घड्याळ घरी टीव्हीच्या स्पीकरशेजारी ठेवलं तरी हे होऊ शकतं. मात्र हेअरस्प्रिंगवर तेल चढलं तरी वेढे असेच चिकटतात, आणि ती कारागिराची चूक असते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

दुसरी तक्रार: रात्री काढून ठेवलं की सकाळी बंद. नेहमीच्या ऑटोमॅटिक मशीनमध्ये पूर्ण भरल्यावर साधारण चाळीस तास चालेल एवढा दम असतो. पण तो दम हाताच्या हालचालीनं भरतो. दिवसभर ओसरीवर बसून असणाऱ्या आजोबांच्या हातात ते पूर्ण भरतच नाही. त्यात सर्व्हिसहून आलेलं घड्याळ रिकामं असतं. ज्यात चावी देता येते त्याला आधी वीस-तीस फेरे द्यावे लागतात, हे कोणी सांगितलेलं नसतं. आता पूर्ण भरूनही ते दहा-बारा तासांत थांबत असेल, तर गोष्ट वेगळी. मग मेनस्प्रिंग, तेल किंवा रोटरच्या गिअरमध्ये खोट आहे.

तिसरी तक्रार: तारीख भलत्याच वेळी बदलते. दुपारी बारा वाजता बदलत असेल तर घड्याळ चांगलं आहे, फक्त बारा तास उलटं लावलंय. काटे बारा तास पुढं फिरवा, विषय संपला. पण रात्री नऊला नाहीतर पहाटे तीनला बदलत असेल, तर काटे बसवताना चूक झाली आहे आणि ती सर्व्हिसवाल्याचीच. आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकाला आवर्जून सांगा. रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख पटकन बदलायच्या खटक्यानं बदलू नका. त्या वेळी तारखेचे दाते आधीच गुंतलेले असतात, ते तुटतात. सर्व्हिसहून आलेल्या घड्याळाची तारीख चुकलेली असते, माणूस रात्री जेवण झाल्यावर ती लावायला बसतो आणि बिघाड तिथंच होतो.

चौथी तक्रार: काचेच्या आत धुकं. हे गंभीर आहे. रबरी रिंग बदललेली नाही, नीट बसलेली नाही किंवा स्क्रूची चावी पूर्ण आवळलेली नाही. आत गेलेला ओलावा गंज आणतो आणि गंज वाट बघत बसत नाही.

पाचवी तक्रार जुन्या घड्याळांची. सर्व्हिसमध्ये नवी मेनस्प्रिंग टाकली, सगळं धुऊन तेल दिलं, आणि जुनं मशीन जरुरीपेक्षा जास्त जोरात झुलायला लागलं. बॅलन्स इतका फिरतो की त्याची पिन फोर्कला उलट्या बाजूनं धडकते आणि घड्याळ घोड्यासारखं पळतं. म्हणजे जोर जास्त झाल्यामुळं बिघाड. गिऱ्हाइकाला हे पटवणं सर्वात अवघड.

शेवटची तक्रार बिघाडाची नसतेच. "रोज दहा सेकंद पुढं जातंय." दिवसात ८६,४०० सेकंद असतात. दहा सेकंद म्हणजे शेकडा ०.०१२ सुद्धा नाही. स्वित्झर्लंडची क्रोनोमीटर प्रमाणपत्र देणारी संस्था आहे, तिची नेहमीच्या पुरुषी मापाच्या मशीनसाठीची मर्यादासुद्धा दिवसाला सरासरी उणे ४ ते अधिक ६ सेकंद आहे. तेही फक्त निवडक घड्याळांसाठी. साध्या ऑटोमॅटिकला कंपनीच्या पुस्तिकेत याहून बरीच जास्त सूट दिलेली असते. सेलच्या घड्याळाची सवय लागलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगणं हे आपलं काम.

आता नीट बघा. सहा तक्रारींत काही कंपनीच्या चुकीच्या, काही वापरणाऱ्याच्या, काही वाटेत झालेल्या, आणि एक तर तक्रारच नाही. काउंटरवर उभं राहून नुसतं बघून यातलं काय आहे ते सांगता येत नाही. मोजावं लागतं.

तीन प्रकारचे दुकानदार

पहिला म्हणतो, "हे कंपनीवाले लुटतातच. द्या इकडं, पाचशेत करून देतो." दुसरा म्हणतो, "हे आमच्याकडचं नाही, जिथून केलं तिथं जा." तिसरा म्हणतो, "काका, बसा. तीन दिवस घड्याळ माझ्याकडं ठेवा. उघडणार नाही. काय होतंय ते मोजून लिहून देतो. दोनशे रुपये होतील."

पहिल्याला आज पैसे मिळतात. दुसऱ्याला डोकेदुखी नको असते. मी तिसऱ्याच्या बाजूचा आहे, आणि त्यामागं नुसतं भलेपण नाही, हिशोब आहे.

कंपनीची सर्व्हिस झाली की त्या कामावर ठराविक मुदतीची गॅरंटी मिळते. मुदत आणि अटी बिलावर लिहिलेल्या असतात. बाहेर कोणी घड्याळ उघडलं तर गॅरंटी संपते, ही अट बहुतेक ठिकाणी असतेच. म्हणजे गिऱ्हाइकानं सहा-सात हजार भरून जो हक्क मिळवला, तो आपण पाचशे रुपयांसाठी मोडून टाकतो. आणि मोडला हे त्याला महिन्यानं कळतं.

मागच्या पावसाळ्यातली दोन गिऱ्हाइकं सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही, त्याची गरज नाही. दोघांचीही घड्याळं सर्व्हिस होऊन आली होती आणि पहिल्या पावसात दोन्हींच्या काचेत धुकं धरलं.

एक जण खव्याच्या भट्टीवर काम करणारा तरुण. लग्नातलं घड्याळ. त्यानं ते दुसऱ्या गावात दाखवलं. तिथल्या कारागिरानं भल्या मनानं झाकण उघडलं, वाळवलं, बंद केलं आणि पैसेही घेतले नाहीत. पंधरा दिवसांनी सेकंद काटा अडला. घड्याळ सर्व्हिस सेंटरला गेलं तेव्हा तिथून निरोप आला, बाहेर उघडलेलं आहे, गॅरंटी नाही, आत गंज आहे, बिल पहिल्यापेक्षा जास्त येईल. तो पोरगा माझ्याकडं आला तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. घड्याळ अजून तसंच कपाटात आहे.

दुसरे एक निवृत्त गुरुजी. ते थेट माझ्याकडं आले. सोबत शेजारी होते, ते सारखे म्हणत होते, "उघड की झाकण, वारं लागलं की जातंय धुकं." मी उघडलं नाही. काचेचा फोटो काढला, चावी पूर्ण आवळलेली असल्याचा फोटो काढला. सर्व्हिसच्या बिलावर पाण्याची टेस्ट केल्याचं लिहिलं होतं, त्याचाही फोटो घेतला. गुरुजींच्या नावानं अर्ध्या पानाचं पत्र लिहिलं आणि त्याच दिवशी घड्याळ परत पाठवायला लावलं. गॅस्केट बदलून, आतून साफ होऊन घड्याळ आलं. एक रुपया लागला नाही. मला तपासणीचे दोनशे मिळाले आणि नंतर एका पट्ट्याची विक्री झाली. गुरुजींनी त्यानंतर किती माणसं पाठवली ते मी मोजलं नाही, पण पाठवली.

आता हिशोब

समजा वर्षाकाठी अशी वीस घड्याळं तुमच्याकडं येतात. प्रत्येक उघडून पाचशे रुपये घेतले, तर दहा हजार झाले. त्यातलं एकच तीस हजारांचं घड्याळ तुमच्या हातून खराब झालं आणि गावात नाव टिकवायला निम्मी भरपाई द्यावी लागली, तर पंधरा हजार गेले. वर्षाचा धंदा पाच हजार तोट्यात. प्रत्येक घड्याळामागचे दोन-दोन तास वेगळेच.

तपासणीचे दोनशे घेतले तर चार हजार होतात. कमी आहेत, मान्य. पण त्यात जोखीम जवळजवळ नाही आणि प्रत्येक घड्याळाला तुमचा हात फक्त पंधरा-वीस मिनिटं लागतो. त्यातली काही घड्याळं गॅरंटी संपल्यावर कामासाठी तुमच्याकडंच येतील. बीबीएला आम्हाला 'ग्राहकाचं आयुष्यभराचं मूल्य' असा धडा होता. गावात त्यासाठी पुस्तक लागत नाही. दुकानासमोरून तीच माणसं रोज जातात.

"पण आमचा हात कंपनीच्या पोरापेक्षा चांगला आहे"

हा आक्षेप मी जुन्या कारागिरांकडून ऐकलाय आणि तो खोटा नाही. डोळ्याला भिंग लावून चाळीस वर्षं काढलेल्या माणसाचा हात सर्व्हिस सेंटरमधल्या नवशिक्यापेक्षा चांगला असूच शकतो. अनेक मोठ्या घड्याळ कंपन्या सुटे भाग फक्त आपल्या अधिकृत कारागिरांनाच देतात, बाहेरच्याला देत नाहीत. हा अन्यायच आहे असं मलाही वाटतं. वस्तू ज्याची, ती कुठं दुरुस्त करायची हे त्यानंच ठरवावं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ च्या जुलैत 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचं पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणं आणि वाहनं यांच्यावर त्यात भर आहे. दिशा चांगली आहे.

पण कारागिराचा हक्क आणि गिऱ्हाइकाचा तोटा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. गॅरंटी चालू असताना कंपनीला ते काम फुकट करायला लावणं हा गिऱ्हाइकाचा फायदा आहे. तिथं आपलं कौशल्य सिद्ध करायला जाऊ नका. गॅरंटी संपली की मोकळ्या मनानं उघडा.

एचएमटीची गोष्ट वेगळी

जिथं कंपनीची सर्व्हिसच उरली नाही, तिथं माझा नियम बदलतो. एचएमटीनं १९६१ साली बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं घड्याळं बनवायला सुरुवात केली. जनता, पायलट, सोना, कोहिनूर ही नावं तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. नोकरी लागली की एचएमटी, लग्नात एचएमटी, निवृत्तीला एचएमटी. पुढं सेलच्या घड्याळांची लाट आली, टायटन आली, आणि २०१६ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळानं एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. आज आपल्या भागातल्या जुन्या 'जनता'ला वाली कोण? गावातला कारागीर. त्याच्या कामानंतर बिघाड निघाला तर परत पाठवायला वर कोणी नाही. म्हणजे सर्व्हिस सेंटरकडून आपण जी अपेक्षा ठेवतो, तीच आता आपल्याकडून ठेवली जाणार.

इथं एक कडू गोष्ट सांगतो. जुन्या घड्याळांचा नाद असलेल्या लोकांत 'मुंबई स्पेशल' असा शब्द जगभर चालतो. ऐकायला छान वाटतं, पण ती शिवी आहे. डायल नव्यानं रंगवलेली, काटे एका घड्याळाचे, केस दुसऱ्याची, मशीन तिसऱ्याचं, आणि 'जुनं, अस्सल' म्हणून विकलेलं घड्याळ म्हणजे मुंबई स्पेशल. गंमत अशी की त्यातल्या कारागिरीत खोट असतेच असं नाही. भाग मिळत नसताना तीन बंद घड्याळांतून एक चालू करणं हे मोठं कौशल्य आहे. डायल रंगवणं हाही गुन्हा नाही. काय केलं ते सांगितलं नाही, एवढीच चूक. आणि तेवढ्यापायी एका अख्ख्या शहराच्या कारागिरांचं नाव खराब झालं.

म्हणून एचएमटी उघडा, जरूर उघडा, पण बिलावर लिहा: 'मेनस्प्रिंग दुसऱ्या जुन्या घड्याळातली टाकली. डायल मूळची आहे. काच नवी, कंपनीची नाही.' गिऱ्हाईक नाराज होईल असं वाटतं ना? करून बघा. लोकांना जुना भाग चालतो, लपवलेला चालत नाही.

मग नेमकं काय करायचं?

१. पाठवण्याआधी नोंद. गिऱ्हाईक तुमच्यामार्फत घड्याळ कंपनीकडं पाठवत असेल, तर चारही बाजूंनी फोटो, मागचा नंबर, काचेवरचे ओरखडे, पट्ट्याची स्थिती आणि रोजची चाल किती सेकंद हे लिहा. दोघांच्या सह्या घ्या. "आधी बरं होतं" या वाक्याला पुरावा फक्त हाच कागद.

२. परत आल्यावर समोर बसवून तपासणी. पाकीट उघडतानाचा व्हिडिओ काढा. काचेच्या आत धूळ किंवा केस आहे का, काटे एकमेकांना घासतात का, बारा वाजता तिन्ही काटे एका रेषेत येतात का, चावी नीट आवळते का, नवा ओरखडा आहे का, हे सगळं पाच मिनिटांत होतं.

३. तीन दिवस मोजणी. पूर्ण चावी द्या. एक दिवस डायल वर, एक दिवस उभं ठेवा, एक दिवस हातात घाला. रोज ठराविक वेळेला मोबाईलच्या वेळेशी ताडून सेकंद लिहा. टेबलावर चांगलं चालणारं घड्याळ मनगटावर वेगळं वागू शकतं. सर्व्हिसनंतरच्या निम्म्या वादांचं मूळ तिथं असतं. घड्याळाची टिकटिक ऐकून चाल आणि बॅलन्सचा झोका दाखवणारं टाइमग्राफर मशीन काही हजारांत मिळतं. त्यासाठी झाकण उघडावं लागत नाही.

४. चुंबकाची परीक्षा. साधं होकायंत्र घड्याळाजवळ फिरवा. सुई जोरात थरथरली तर चुंबक लागलंय असं समजा. चुंबक घालवायचं छोटं यंत्र स्वस्त आहे आणि तेही बाहेरूनच चालतं. पण ते वापरण्याआधीची चाल लिहून ठेवा आणि गिऱ्हाइकाला विचारूनच करा.

५. तक्रारीचं पत्र. चार ओळी पुरतात. सर्व्हिसची तारीख, बिल नंबर, नेमकं काय होतंय, तीन दिवसांचे आकडे. "घड्याळ बरोबर चालत नाही" असं लिहिलं तर उत्तर येतं, "आमच्याकडं बरोबर चाललं." "उभं ठेवल्यावर दिवसाला ९० सेकंद मागं, डायल वर ठेवल्यावर ५ सेकंद पुढं" असं लिहिलं की समोरच्याला घड्याळ परत टेबलावर घ्यावंच लागतं.

कायदा गिऱ्हाइकाचा आहे, आणि तुम्हालाही लागू आहे

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. पैसे घेऊन केलेली सर्व्हिस नीट झाली नसेल तर ती 'सेवेतील त्रुटी' ठरू शकते. कंपनी दाद देत नसेल तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्यानंही काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. या कायद्यात एक मोठी सोय झाली आहे. ग्राहक जिथं राहतो तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे ईटच्या माणसानं पुण्याच्या सर्व्हिस सेंटरविरुद्ध धाराशिवला दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायची असते. लगेच भांडायला जा असं मी म्हणत नाही. बहुतेक वेळा नीट लिहिलेल्या पत्रावरच काम होतं. पण रस्ता माहीत असलेला माणूस पत्रही ठामपणे लिहितो.

आणि विसरू नका, तुम्हीही पैसे घेऊन सेवा देता. हाच कायदा तुमच्या पावतीलाही लागू आहे. पावतीच देत नसाल तर ती सवय आजच बदला.

ज्यांचं घड्याळाचं दुकान नाही त्यांच्यासाठी

तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा मोटर रिवाइंडिंगचा, मोबाईलचा, मिक्सर-पंख्याचा, दुचाकीचा नाहीतर शिलाई मशीनचा धंदा आहे. प्रश्न तोच येतो. कंपनीकडून किंवा दुसऱ्या दुकानातून दुरुस्त होऊन आलेली वस्तू चार दिवसांत तुमच्यापुढं येते आणि गिऱ्हाईक रागात असतं. त्या वेळी मागच्याला नावं ठेवून काम ओढून घेणं सोपं असतं. पण पाणबुडी मोटरची वॉरंटी शिल्लक असताना तुम्ही ती खोललीत, तर उन्हाळ्यात ज्याची ऊसाची नाहीतर कांद्याची पाळी चुकेल तो शेतकरी तुमच्याच ओळखीचा असणार आहे. खोलण्याआधी बिल मागा, मुदत बघा, मोजा, लिहा. कंपनीनं करायचं काम कंपनीकडून करून घ्यायला मदत करा आणि त्या मदतीचे पैसे मोकळेपणानं मागा. फुकट सल्ला देऊ नका. लोक फुकटचा कागद हरवतात, पैसे देऊन घेतलेला जपून ठेवतात.

या आठवड्याचं काम देतो. एक पानाचा तपासणी फॉर्म बनवा. वर गिऱ्हाइकाचं नाव, वस्तूचा नंबर, आधीच्या सर्व्हिसची तारीख आणि गॅरंटीची मुदत. मध्ये तक्रार गिऱ्हाइकाच्याच शब्दांत आणि तुमची मोजणी आकड्यांत. खाली 'वस्तू उघडली / उघडली नाही' आणि दोन सह्या. झेरॉक्सच्या दुकानात पन्नास प्रती काढा आणि काउंटरवर ठेवा. पहिल्या दहा फॉर्ममध्ये काय निघालं ते मला कळवा. पुढचा व्हिडिओ दुरुस्तीच्या धंद्यात दर कसे ठरवायचे यावर आहे, त्यात हे आकडे उपयोगी पडतील.

भेटू लवकरच. धंदा वाढवा, नाव जपा.